टांकसाळीतील पारखी : ठक्कुर फेरू

दिल्लीच्या सुलतानांनी पाडलेली नाणी आज अनेक संग्रहालयांत काचेमागे मांडलेली दिसतात. नाण्यावर सुलतानाचे नाव असते, त्याचे किताब असतात, कधी टांकसाळीच्या गावाचा उल्लेख असतो. ज्यांनी धातू वितळवला, शुद्ध केला, तोलला आणि त्यावर ठसा मारला, त्यांची नावे नाण्यावर कोरण्याची पद्धत नव्हती. तरीही चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या टांकसाळीत काम केलेल्या एका माणसाचे नाव आपल्यापर्यंत पोहोचले आहे, आणि ते कोणा दरबारी इतिहासकाराच्या कृपेने नव्हे. त्या माणसाने आपले काम स्वतःच लिहून ठेवले. त्यांचे नाव ठक्कुर फेरू.

फेरूंचे घराणे श्रीमाळ जैनांचे. वडिलांचे नाव चंद. हे कुटुंब मूळचे कन्नाणा या गावचे. हे स्थान आजच्या हरियाणा राज्यात येते. व्यापार, सराफी आणि हिशेब हे या समाजाचे परंपरागत व्यवसाय होते. जैनांच्या खरतर गच्छ या परंपरेवर फेरूंची गाढ श्रद्धा होती. त्यांची पहिली रचनाही त्या गच्छाच्या प्रमुख आचार्यांचे गुणगान करणारी आहे. विक्रम संवत १३४७ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९०-९१ च्या सुमारास, ती कन्नाणा येथे रचली गेली. याच सुमारास महाराष्ट्रात नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे मराठी वाचकाला तो काळ जवळचा वाटेल. संस्कृतची पंडिती वाट सोडून लोकांना कळेल अशा बोलीत लिहिण्याकडे त्या शतकात अनेक ठिकाणी कल दिसतो. फेरूंनीही पुढे तेच केले. मात्र त्यांचा विषय अगदी वेगळा होता.

इ.स. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीने देवगिरीवर अचानक चाल करून यादव राजा रामचंद्रदेवाकडून अपार संपत्ती मिळवली आणि त्याच वर्षी तो दिल्लीच्या गादीवर बसला. त्यानंतर गुजरात, वरंगळ, द्वारसमुद्र अशा एकामागून एक मोहिमा झाल्या. प्रत्येक मोहिमेबरोबर सोने, रुपे, मोती, हिरे दिल्लीच्या खजिन्यात येत राहिले. इतिहासाच्या पुस्तकांत या लुटीची वर्णने वारंवार येतात. पण खजिन्याच्या आतला प्रश्न तेथे सहसा विचारला जात नाही. दख्खनचे होन, गुजरातची द्रम्म नावाची नाणी, माळव्याची चांदी, मोडके दागिने आणि तुटकी भांडी हे सारे एकत्र येऊन पडले, तर त्याची किंमत कोण ठरवणार? दहा राज्यांची नाणी दहा प्रकारच्या कसांची. नाणे सोन्यासारखे दिसते म्हणून ते सोन्याचे असतेच असे नाही.

हे ठरवण्यासाठी जाणकार लागत, आणि असे जाणकार प्रामुख्याने सराफी करणाऱ्या घराण्यांत मिळत. राजसत्ता बदलली तरी तराजू धरणारे हात तेच राहिले. फेरू अलाउद्दीनच्या चाकरीत आले ते याच मार्गाने. सुलतानाच्या रत्नभांडाराशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध होता. विक्रम संवत १३७२ मध्ये, म्हणजे सन १३१५ मध्ये, त्यांनी ‘रत्नपरीक्षा’ हा ग्रंथ आपला मुलगा हेमपाल याच्यासाठी लिहिला. जुन्या शास्त्रकारांचे म्हणणे त्यांनी त्यात घेतले आहेच; पण अलाउद्दीनच्या भांडारातील रत्ने आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहेत, हेही ते नोंदवतात. हिरा, मोती, माणिक यांच्याबरोबरच लाल, अकीक, फिरोजा या पारशी नावांनी ओळखल्या जाणाऱ्या रत्नांनाही त्यांनी जागा दिली आणि किमती आपल्या काळच्या चलनात सांगितल्या. शास्त्रात नाही म्हणून बाजारात आलेल्या खड्याकडे डोळेझाक करणारा हा मनुष्य नव्हता.

अलाउद्दीन १३१६ च्या जानेवारीत मरण पावला. काही महिने गोंधळाचे गेले आणि त्याचा मुलगा कुतुबुद्दीन मुबारकशाह गादीवर आला. फेरू आता दिल्लीच्या टांकसाळीत होते. तेथील अनुभवावर आधारलेला ‘द्रव्यपरीक्षा’ हा १४९ गाथांचा ग्रंथ त्यांनी विक्रम संवत १३७५ मध्ये, म्हणजे १३१८ मध्ये रचला. तो लिहिण्यामागचा हेतू पुन्हा घरगुतीच होता: आपला मुलगा आणि आपला भाऊ यांना ही विद्या यावी. भारतात राजांनी पाडलेल्या नाण्यांविषयी मध्ययुगात लिहिलेला असा दुसरा ग्रंथ नाही, असे अभ्यासक मानतात.

या ग्रंथाची मांडणी पाहण्यासारखी आहे. नाण्यांची यादी लगेच सुरू होत नाही. आधी धातूची परीक्षा कशी घ्यावी आणि तो शुद्ध कसा करावा, हे येते. ज्याला शुद्ध रुपे कशाला म्हणतात हे ठाऊक नाही, त्याने मिश्र नाण्याची किंमत सांगू नये, असाच जणू हा क्रम सुचवतो. सोन्याची शुद्धता बारा अंशांच्या मापावर आणि रुप्याची वीस अंशांच्या मापावर मोजली जाई. आपल्याकडे उत्तम सोन्याला आपण बावनकशी म्हणतो, त्याच जातीची ही मापे.

रुपे शुद्ध करण्याची त्या काळची रीत शिशावर अवलंबून होती. ती समजून घेतली, तर फेरूंच्या कामाचे मर्म कळते. म्हणून येथे थोडे थांबू.

जमिनीत उथळ खड्डा करून त्यात राख दाबून बसवीत. हीच भट्टीची बशी. अशुद्ध रुप्यात शिसे मिसळून ते या बशीत वितळवीत आणि भात्याने वरून वारा घालीत. तापलेल्या शिशाचा हवेशी संयोग होऊन त्याची पिवळसर भस्मरूप मळी होते. वैद्यांच्या आणि पसाऱ्याच्या दुकानांत ही मळी मुरदाडशिंग या नावाने विकली जाई. वितळलेल्या मुरदाडशिंगात तांब्याचे भस्मही विरघळते. राखेची बशी हा द्रव शोषून घेते, उरलेला कडेने काढून टाकता येतो. रुपे मात्र हवेशी संयोग पावत नाही. शिशाचा शेवटचा पातळ पडदा नाहीसा झाला की बशीतील गोळा क्षणभर विजेसारखा चमकतो. ती चमक म्हणजे रुपे शुद्ध झाल्याची खूण. त्या क्षणी कारागिराची नजर हलली, तर वेळ आणि कोळसा दोन्ही वाया जात.

परंतु टांकसाळीचा हिशेब चमकलेल्या गोळ्यापाशी संपत नाही. समजा, एका प्रकारची शंभर मिश्र नाणी भट्टीवर आली. त्यांचे वजन तीस तोळे भरले आणि शुद्ध रुपे निघाले पाच तोळे. मग पंचवीस तोळे तांबे गेले कोठे? ते मळीत आहे, बशीच्या राखेत आहे. घातलेले शिसेही तेथेच आहे. शिवाय रुप्याचे बारीक कणही त्या राखेत अडकलेले असतात. ही राख उकिरड्यावर टाकली, तर राज्याचे धन उकिरड्यावर गेले. म्हणून ती फोडून, धुऊन, कोळशाबरोबर पुन्हा भट्टीत घालीत. कोळसा भस्मातील प्राणवायू ओढून घेतो आणि शिसे पुन्हा धातूच्या रूपात वाहू लागते. त्याच्याबरोबर तांबेही येते. हे मिश्रण सावकाश निवू दिले की तांबे शिशात विरघळून राहत नाही. ते वर साय धरते आणि वेगळे काढता येते. खाली राहिलेले शिसे पुढच्या खेपेला उपयोगी पडते. अडकलेले रुपे शिशातच असते, म्हणून तेही हरवत नाही.

कथलाची गोष्ट याहून नाजूक आहे. काशाचे तुकडे किंवा डाख दिलेल्या वस्तू मिश्रणात आल्या की कथील येते. शिसे वितळून तापू लागताच कथलाचे भस्म सर्वांआधी तयार होते आणि राखाडी साय होऊन वर तरंगते. ती वेळीच काढली नाही, तर पुढची मळी घट्ट होते आणि रुपे नीट सुटत नाही. काढलेली साय कोळशाबरोबर आटवली, तर शिसे आणि कथील यांचा मिश्रधातू मिळतो. तोच डाख देण्याच्या कामाचा. आपल्या गावांतून भांड्यांना कल्हई करणारे फिरत, त्यांना कथलाची किंमत कोणी सांगावी लागत नसे. हा धातू भारतात थोडा सापडतो आणि पूर्वीपासून बराचसा समुद्रमार्गे बाहेरून येत आला आहे.

आजच्या शिशाच्या कारखान्यांत हाच क्रम मोठ्या प्रमाणावर चालतो. ओतीव शिसे निवताना आधी तांब्याची साय काढतात. नंतर कथील, अँटिमनी आणि आर्सेनिक यांची भस्मे वेगळी करतात. शेवटी जस्त घालून रुपे ओढून घेतात; ही जस्ताची युक्ती १८५० च्या सुमारास निघाली. राजस्थानातील शिशाच्या खनिजापासून आजही आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर चांदी मिळते. जुन्या बॅटऱ्यांतील शिसेही असेच पुन्हा वापरात येते. मात्र शिशाची वाफ आणि धूळ शरीराला, विशेषतः लहान मुलांना, फार घातक असते. दिल्लीच्या आसपास विनापरवाना चालणाऱ्या अशा भट्ट्यांवर वेळोवेळी कारवाई झाली आहे, ती याच कारणाने. सुलतानाच्या टांकसाळीत भात्यापाशी बसणाऱ्या माणसांच्या फुप्फुसांत काय गेले असेल, हा विचार वाचताना मनात आल्यावाचून राहत नाही. ग्रंथात रुप्याची तूट मासा आणि जव या मापांत मोजलेली असते. या माणसांची झीज कोणत्याच वहीत मांडलेली नाही.

धातूंची उत्पत्ती सांगणारा ‘धातूत्पत्ती’ हा फेरूंचा आणखी एक छोटा ग्रंथ आहे. पितळ, तांबे, शिसे, कथील, कासे, पारा, हिंगूळ आणि शेंदूर यांच्याविषयी त्यात सांगितले आहे. शेंदूर हीदेखील शिशाचीच संतती: मुरदाडशिंग मंद आचेवर भाजत राहिले की ते लाल होते. त्याच ग्रंथात पुढे कापूर, चंदन, कस्तुरी, केशर असे सुगंधी पदार्थही आले आहेत. धातूंच्या पंगतीत कस्तुरी कशी, असे आपल्याला वाटेल. पण हे विषय एकत्र येतात ते व्यापाऱ्याच्या दुकानात, आणि फेरूंची दृष्टी त्या दुकानाचीच आहे.

आता पुन्हा नाण्यांकडे येऊ. ‘द्रव्यपरीक्षा’ ग्रंथाच्या मोठ्या भागात निरनिराळ्या राज्यांची नाणी क्रमाने येतात. दिल्लीच्या तोमर राजांची अनंगपाल, मदनपाल यांच्या नावांची जुनी नाणी त्यात आहेत. गुजरात, माळवा, चंदेरी यांची नाणी आहेत. देवगिरीच्या यादवांची नाणीही आहेत. पुढे दिल्लीच्या सुलतानांची नाणी, आणि शेवटी ज्याच्या चाकरीत फेरू होते त्या कुतुबुद्दीनची नाणी, ज्यांत गोल आणि चौकोनी असे दोन्ही आकार आहेत. नाणे कोणाचे, त्यात कोणता धातू किती, शंभर नाण्यांमागे शुद्ध रुपे किती निघते आणि चालू टंक्याच्या हिशेबाने त्यांचे मोल काय, अशी ही कोरडी पण अचूक माहिती आहे. १३१८ च्या सुमारासच कुतुबुद्दीनने देवगिरीच्या यादवांची सत्ता कायमची संपवली. एक राज्य नकाशावरून पुसले जात असताना त्याच्या नाण्यांतील सोन्याचा कस दिल्लीत एका वहीत उतरत होता.

अशा माहितीची गरज फक्त खजिन्यालाच होती, असे समजू नये. अलाउद्दीनने दिल्लीच्या बाजारात धान्याचे भाव बांधून दिले होते. गव्हाचा भाव मणाला साडेसात जितल ठरला होता. जितल हे सामान्य माणसाच्या हातातले नाणे, बरेचसे तांब्याचे आणि त्यात थोडे रुपे. ते थोडे किती, यावरच त्याची पत अवलंबून. नाण्यावरचा ठसा तसाच ठेवून आतले रुपे कमी केले, तर मजुराला मिळणारी जितलांची संख्या बदलत नाही, पण तिचे मोल घटते, आणि हे त्याला सर्वांत शेवटी कळते. सराफाला ते आधी कळते. ही जाण घराण्याच्या पोतडीत बांधून ठेवण्याची वस्तू होती. फेरूंनी ती गाथांत बांधली. ग्रंथ आपल्याच माणसांसाठी लिहिला असला, तरी लिहिलेले अक्षर उंबरठ्याच्या आत राहत नाही. माझ्या मते त्यांच्या कर्तृत्वाचा खरा मोठेपणा या ठिकाणी आहे.

या ग्रंथांची भाषा प्राकृत आहे आणि तीवर अपभ्रंशाची दाट छाया आहे. दरबाराची भाषा फारसी होती आणि विद्वानांची संस्कृत. टांकसाळीतले शब्द मात्र ना या भाषेचे ना त्या. ते कारागिरांचे आणि दलालांचे. फेरूंनी ते तसेच घेतले. व्याकरणाच्या दृष्टीने त्यांची वाक्ये पुष्कळदा खडबडीत आहेत आणि अभ्यासकांना आजही काही शब्दांचा अर्थ लावताना अडखळावे लागते. गुळगुळीत संस्कृतात लिहिले असते, तर ग्रंथाची वाहवा अधिक झाली असती. पण भट्टीजवळची भाषा आपल्याला मिळाली नसती.

त्यांचे इतर ग्रंथही असेच व्यवहाराला धरून आहेत. ‘वास्तुसार’ घरे, मंदिरे आणि मूर्ती यांविषयी, ‘ज्योतिषसार’ मुहूर्त आणि ग्रहगणिताविषयी. ‘गणितसारकौमुदी’ विशेष रंजक आहे. त्रैराशिक आणि व्याज यांबरोबर घुमट, मनोरे, जिने यांच्या बांधकामाचे माप कसे काढावे, कोणत्या पिकाचे उत्पन्न किती येते, विक्रम संवताची हिजरी सनाशी सांगड कशी घालावी, अशी गणिते तिच्यात आहेत. जादूचे चौकोनही आहेत. मंदिरांचे शास्त्र लिहिणारा जैन गृहस्थ घुमट आणि मनोऱ्यांची गणिते तितक्याच सहजतेने मांडतो, यावरून त्या काळची दिल्ली कशी होती याची थोडी कल्पना येते. दोन धर्मांचे लोक एकमेकांच्या इमारतींचे हिशेब करीत होते.

१३२० मध्ये कुतुबुद्दीनचा खून झाला आणि खलजींचे राज्य संपले. थोड्याच महिन्यांत गियासुद्दीन तुघलक गादीवर आला. एवढ्या उलथापालथीतून फेरू सुखरूप राहिले. १३२३ मध्ये दिल्लीच्या श्रीमंत जैन श्रावकांनी सुलतानाची परवानगी मिळवून शत्रुंजय आणि गिरनार या तीर्थांची यात्रा काढली. त्या संघातील मंडळींमध्ये ठक्कुर फेरूंचे नाव आढळते. ज्यांनी आयुष्यभर सोन्यारुप्याचा कस पाहिला, ते या प्रवासात गुजरातच्या बाजारांतूनही गेले असतील. तेथील नाणी त्यांनी आधीच वहीत मांडलेली होती.

पावणेतीनशे वर्षांनंतर अकबराच्या काळी अबुल फज्लने ‘ऐन-ए-अकबरी’ या ग्रंथात टांकसाळीच्या कामाचे तपशीलवार वर्णन केले. राखेची बशी, शिसे, भाता, कडेकडून घट्ट होत जाणारा रुप्याचा गोळा, हे सारे तेथे आहे. टांकसाळीतील सोन्याची धूळ आणि राख धुणारा न्यारिया तेथे आहे. आपल्याकडे सोनाराच्या दुकानासमोरील माती धुणारा झारेकरी असे, त्याचाच हा भाऊबंद. भट्टीची मळी विकत घेऊन तीतील धातू काढणारेही वेगळे कामकरी होते. म्हणजे जो माल टाकून देण्याजोगा दिसतो, त्यावर एक वेगळा धंदाच उभा होता. त्या ग्रंथात आणखी एक गोष्ट येते. दख्खनचा जुना होन पूर्वी दहा अंशांचा मानला जाई, तो अकबराच्या परीक्षेत साडेआठाचा भरला. आणि अलाउद्दीनचा लहान गोल दिनार बाराचा, म्हणजे पूर्ण शुद्ध समजला जाई, तो साडेदहाचा निघाला. परीक्षा कडक होत गेली तसतशी जुन्या सोन्याची प्रतिष्ठा उतरत गेली.

फेरूंच्या ग्रंथांचे नशीब विचित्र होते. ‘वास्तुसार’ शिल्पी आणि सूत्रधार यांच्या उपयोगाचा म्हणून प्रचारात राहिला. बाकीचे ग्रंथ विस्मृतीत गेले. १९४६ मध्ये राजस्थानी साहित्याचे अभ्यासक अगरचंद नाहटा आणि भंवरलाल नाहटा यांना कोलकात्यात एक जुने हस्तलिखित मिळाले. ते विक्रम संवत १४०३-०४ मध्ये, म्हणजे फेरूंच्या काळानंतर अवघ्या एका पिढीत उतरवलेले होते. त्यात हे ग्रंथ एकत्र होते. १९६१ मध्ये जोधपूरच्या राजस्थान प्राच्यविद्या प्रतिष्ठानाने मुनी जिनविजय यांच्या देखरेखीखाली ते छापून प्रसिद्ध केले. ‘गणितसारकौमुदी’ची इंग्रजी भाषांतरासह अभ्यासपूर्ण आवृत्ती २००९ मध्ये निघाली.

तेव्हापासून नाणकशास्त्राचे अभ्यासक उत्तर भारतातील मिश्र धातूंची मध्ययुगीन नाणी हाती घेतात, तेव्हा फेरूंची गाथा शेजारी ठेवतात. जॉन डेयेल यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या, चांदीच्या टंचाईच्या काळातील चलनाविषयीच्या ग्रंथातही फेरूंच्या आकड्यांचा आधार घेतला आहे. नाणे आता राखेच्या बशीत आटवावे लागत नाही. किरणांच्या साहाय्याने ते न मोडता त्यातील रुपे, तांबे आणि शिसे यांचे प्रमाण कळते, आणि मग तो आकडा १३१८ च्या वहीतील आकड्याशी ताडून पाहता येतो.